जुनी जॅग्वार आणि बाबांची डायरी



संयोजकांनी ‘तुझ्या कामाबद्दल बोल’ असं सांगितलं होतं. पण जेवणानंतर सॉफ्टवेअरबद्दल ऐकवून तुम्हाला झोपवायची माझी इच्छा नाही. त्यापेक्षा गेल्या वर्षी बर्मिंगहॅमला मी जुनी गाडी कशी घेतली, ते सांगते.

मला ‘ग्रँड टूरर’ हवी होती. म्हणजे नुसती पळणारी नव्हे. दिवसात चारशे मैल चालवूनही पाठ न धरता उतरता येईल, मागे बॅगा मावतील, अशी. नवी परवडत नाही. पंधरा-वीस वर्षांची झाली की किंमत कोसळते, पण दुरुस्तीचं बिल येतं ते नव्या गाडीच्याच तोलामोलाचं. लोक फसतात ते इथे.

शेवटी दोन उरल्या. 2006 ची पोर्शे 911, 24,000 पौंडांना. आणि 2007 ची जॅग्वार एक्सके, 4.2 लिटरचं व्ही-एट इंजिन, 11,000 पौंडांना. मन अर्थात पोर्शेवर. त्या पिढीच्या 911 ची दोन दुखणी सगळ्यांना माहीत आहेत: इंजिनातलं आयएमएस बेअरिंग आणि सिलिंडरवर पडणारे ओरखडे. 2009 च्या मॉडेलपासून नवं इंजिन आलं आणि ते बेअरिंगच गेलं, पण ती गाडी माझ्या बजेटबाहेर.

बाबा तेव्हा माझ्याकडे होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच आलेले. दिवसभर खिडकीशी बसायचे, विचारलं तेवढंच बोलायचे. तुमच्यातल्या निम्म्यांचे वडील त्यांच्याबरोबर टेल्कोत होते. बाबांनी आयुष्यात चारचाकी घेतली नाही, पण स्कूटरची डायरी ठेवली. ऑइल कधी बदललं, प्लग कितीला आणला, सगळं तारीखवार.

पोर्शेची सर्व्हिसची फाइल मी सहज त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला. दहा मिनिटांनी म्हणाले, “2013 ते 2017 गाडी काय खात होती?”

चार वर्षांची एकही पावती नव्हती. मी बघितलंच नव्हतं! दुसऱ्यांचा जुना कोड तपासून पोट भरणारी बाई मी. पण त्या लाल रंगापुढे माझी नजर मेली होती. तिकडे वार्षिक एमओटी तपासणीचा इतिहास गाडीच्या नंबरवरून कुणालाही फुकट बघता येतो. त्यात त्या काळात गाडी भरपूर पळालेली दिसत होती. माझ्या मेकॅनिकला कॅमेरा घालून सिलिंडर बघायचे होते. विक्रेत्यानं साफ नकार दिला. मग विषयच संपला.

जॅग्वारची फाइल जाडजूड. त्यात गिअरबॉक्सचं ऑइल बदलल्याची पावतीसुद्धा. ते आयुष्यभर बदलावं लागत नाही, असं सांगितलं जायचं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला बदला म्हणते. “मालक शहाणा आहे,” बाबा म्हणाले. ॲल्युमिनियमची बॉडी लोखंडासारखी गंजत नाही, पण रंगाखाली फोड धरते, म्हणून दारांच्या कडा त्यांनी बोटानं चाचपल्या.

एकच वाद झाला. “टाटांनी जॅग्वार 2008 मध्ये घेतली. मग त्यानंतरचीच घे की, आपली!” नंतरच्या 5 लिटर इंजिनात सुरुवातीला टायमिंग चेनच्या टेन्शनरच्या तक्रारी होत्या, हे समजावताना माझी पुरेवाट झाली. ही गाडी आमच्या घराजवळच कॅसल ब्रॉमविचच्या कारखान्यात बनली, एवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या बुटक्या गाडीत बसणं म्हणजे कसरत. आधी बैठक टेकवायची, मग एकेक पाय आत. फोर्ट विल्यमला गेलो, सुमारे चारशे मैल. ग्लासगोपर्यंत बाबा इंजिनचा आवाज ऐकत गप्प होते. पुढे लॉक लोमंडच्या काठानं जाताना बोलायला लागले. आईला स्कूटरवरून पहिल्यांदा लोणावळ्याला नेलं, घाटात प्लग गेला, ती हसत बसली... मी हे कधीच ऐकलं नव्हतं.

परत आल्यावर त्यांनी या गाडीचीही डायरी सुरू केली. पहिल्याच पानावर किंमत आहे: 4,000 पौंड. मीच तसं सांगितलं होतं.

बाबा दुसऱ्या रांगेत बसलेत. बाबा, अकरा हजार होते. तेवढी दुरुस्ती करून घ्या.