गायरानांतील गोल्फ

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यांत, नागझिऱ्याच्या अरण्याच्या कडेस, चोरखमारा नांवाचें गांव आहे. शेजारीं विस्तीर्ण जलाशय, पलीकडे वनराजी, अलीकडे धानाचीं बांध्यांनीं विभागलेलीं शेतें. अशा ठिकाणीं गोल्फचें नांव काढलें तर ऐकणारास हंसूंच येईल. गोल्फ म्हणजे शहरांतील साहेबी खेळ, पाणी घालून पोसलेली हिरवळ आणि दारावर पहारेकरी, अशी सर्वसाधारण समजूत. १८२९ सालीं कलकत्त्यास व १८४२ सालीं मुंबईस इंग्रजांनीं गोल्फचे क्लब स्थापिले, तेव्हांपासून ती समजूत या देशांत दृढ झाली. परंतु या खेळाचें मूळ शोधूं गेल्यास तें क्लबांत नव्हे, गायरानांत सांपडतें.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्या आणि पिकाऊ जमीन यांच्यामध्यें गवताळ पट्टा असतो. नांगरास तो फारसा उपयोगी नाहीं, म्हणून मेंढरांस मोकळा. मेंढरांनीं गवत खुरटें ठेविलें. वाऱ्यापासून आडोसा शोधतांना त्यांनीं जेथें वाळू उकरली, तेथेंच खेळांतील वाळूचे खड्डे झाले, अशी परंपरागत समजूत आहे. अशा जागीं सामान्य लोक काठीनें चेंडू टोलवीत. १४५७ सालीं स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें या खेळास बंदी केली. कारण त्याच्या नादांत लोक धनुर्विद्येचा सराव विसरूं लागले होते.

या मूळ स्वरूपाची साक्ष देणारें एक मैदान अद्यापि आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरांत साउथ यूइस्ट नांवाचें बेट आहे. त्याच्या किनाऱ्यावर आस्कर्निश हें खेडें. १८९१ सालीं बेटाच्या मालकीण लेडी गॉर्डन कॅथकार्ट यांच्या निमंत्रणावरून ओल्ड टॉम मॉरिस तेथें गेला. तो सेंट अँड्रूज येथील प्रसिद्ध मैदानाची निगा राखणारा आणि ओपन स्पर्धा चार वेळां जिंकलेला खेळाडू होता. सत्तरी गांठलेल्या या वृद्धानें तेथें १८ होलांचें मैदान आंखून दिलें. शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू, तिजवर आखूड गवत आणि उन्हाळ्यांत रानफुलांचा गालिचा, अशा या भूमीस तेथील लोक ‘मॅखर’ म्हणतात.

पुढें खेळ मागें पडला. जमिनीच्या कांहीं भागावर विमानें उतरूं लागलीं, होल कमी होत गेले आणि जुनी आंखणी गवताखालीं दिसेनाशी झाली. २००५ सालीं गॉर्डन आयर्विन नांवाचा मैदानांचा जाणकार मासेमारीच्या निमित्तानें बेटावर आला. जुन्या मैदानाची कथा ऐकून त्यानें वाळूच्या टेकड्या पायीं पाहिल्या. मग गांवकऱ्यांस हाताशीं धरून, भूमीचे चढउतार मोडून न टाकतां, मुख्यतः गवत कापून मैदान पुन्हां उभें केलें. २००८ सालीं तें खुलें झालें.

येथपर्यंतची हकीकत सुखाची वाटते. पण तिला दुसरी बाजू आहे. त्याच गवतावर तेथील लहान कुळांचीं गुरें व मेंढरें पिढ्यान्‌पिढ्या चरत आलीं होतीं. १८८६ च्या कायद्यानें कुळांस वहिवाटीची शाश्वती मिळाली होती. पाहुण्यास जो रमणीय देखावा, तो कुळास चारा. खेळ वाढला तर आपला हक्क आकुंचित होईल, या भयानें कांहीं कुळांनीं हरकत घेतली आणि वाद न्यायासनापुढें गेला. उलट पक्षाचें म्हणणेंही पोकळ नव्हतें: तरुण माणसें बेट सोडून जात होतीं, पाहुणे आले तर चार घरांस उद्योग मिळेल. विशेष असें कीं २००६ सालीं बेटवासीयांच्याच संस्थेनें ती जहागीर विकत घेतली होती. म्हणून हा कलह दूरच्या धन्याशीं नव्हे, शेजाऱ्याशेजाऱ्यांत होता. दोघांचें म्हणणें खरें असल्यामुळेंच तो अवघड झाला.

आतां पुन्हां चोरखमाऱ्याकडे वळावें. नागझिरा १९७० सालीं अभयारण्य झालें व २०१३ सालीं व्याघ्रप्रकल्पांत गेलें. चोरखमारा हें त्यांत शिरण्याचें एक द्वार. येथें कोणी चेंडू टोलवीत नाहीं. पण वनशोभा पाहावयास शहरचीं माणसें येतात, आणि अरण्याच्या कडेच्या गांवकऱ्यास तेंच रान चारा, सरपण व मोहफुलें देणारें असतें. त्याच २००६ सालीं भारताच्या संसदेनें संमत केलेल्या वनहक्क कायद्यानें निस्तार व चराई यांचे जुने हक्क मान्य केले, हा योगायोग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. खेळ असो वा वनविहार, सुंदर भूमीवर पाऊल टाकणारानें एवढें विचारावें, कीं हें गवत आजवर कोणाच्या गुरांनीं राखलें? त्या गुराख्याची वाट मोकळी राहील, तरच पाहुण्याचा आनंद निर्दोष म्हणतां येईल.