वंडरलाचे तिकीट : महाग की योग्य?

(खातेदारांच्या आर्थिक साक्षरता मेळाव्यात केलेले भाषण)



बँकेचा माणूस बोलायला उभा राहिला की लोकांना वाटते, आता मुदत ठेव, विमा आणि केवायसी सुरू होणार. आज त्यातले काही नाही. आज आपण वंडरलाच्या तिकिटाबद्दल बोलणार आहोत. शाळांना सुट्टी लागायच्या सुमारास काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, मुलांनी वंडरलाचा हट्ट धरलाय, आवर्ती ठेव मोडता येईल का?" आणि पाठोपाठ दुसरे वाक्य, "नुसते लुटतात हो!"

खरेच लुटतात का? रागावण्याआधी आपण हिशेब मांडू. हिशेब मांडायची ही सवय लागली, तर ती फक्त वंडरलापुरती राहणार नाही.

कंपनीच्या बाजूने पाहू

व्ही-गार्डचे संस्थापक कोचौसेफ चिट्टिलापिल्ली यांनी २००० साली कोचीला 'वीगालँड' सुरू केले. २००५ मध्ये आपल्या म्हैसूर रोडवर, बिडदीजवळ, सुमारे ८२ एकरांवर वंडरला उभे राहिले. २०१४ पासून ही कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. म्हणजे तिचा ताळेबंद कुणीही वाचू शकतो. मग अंदाज कशाला बांधायचे? तोच पाहू.

२०२३-२४ या वर्षात कंपनीचे उत्पन्न सुमारे ४८३ कोटी रुपये होते. त्या वर्षी कोची, बंगळुरू आणि हैदराबाद या तीन उद्यानांत मिळून सुमारे साडेबत्तीस लाख लोक आले. भागाकार केला तर माणशी साधारण १,४८५ रुपये झाले. यात तिकीट आले, आत खाल्लेले डोसे आणि आइस्क्रीमही आले. कर भरून कंपनीकडे निव्वळ नफा उरला सुमारे १५८ कोटी, म्हणजे माणशी साधारण ४८५ रुपये. शंभर रुपयांच्या उत्पन्नात तेहतीस रुपये नफा! आपल्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला हे प्रमाण सांगितले तर तो दुकान बंद करून पाळणा बसवायला निघेल.

म्हणजे ज्यांना राग येतो त्यांचे म्हणणे अगदीच बिनबुडाचे नाही. पण पानाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. २०२०-२१ मध्ये कोविडमुळे उद्याने बंद होती. त्या वर्षी याच कंपनीला जवळजवळ ५० कोटींचा तोटा झाला. २०२४-२५ मध्ये नफा पुन्हा खाली येऊन १०९ कोटींच्या आसपास राहिला. या धंद्याचे गणितच तसे आहे. जमीन, पाळणे, त्यांची रोजची तपासणी, जीवरक्षक, वीज, पगार हा खर्च माणसे येवोत न येवोत, ठरलेलाच असतो. पाच हजार लोक आले तरी पाळणा तपासायचा, पाऊस पडून पाचशेच आले तरी तपासायचा. गर्दी झाली की वरचा बराचसा पैसा नफ्यात जातो. गर्दी घटली की नफा धाडकन खाली येतो.

यावर कुणी म्हणेल, तिकीट वाढवले की झाले, पैसाच पैसा. तसेही नाही. महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका सुरू झाले. भव्य, देखणे, आणि तिकीटही चांगलेच. पण उभारणी मोठी होती, कर्ज हजार कोटींच्या वर गेले आणि व्याजाने कंबर मोडली. २०१५ मध्ये १८० रुपयांना शेअर विकणारी ही कंपनी शेवटी कर्जफेडीच्या तडजोडीत २०२२ मध्ये मालपाणी समूहाच्या हाती गेली. तिकीट महाग होते म्हणून कर्ज फिटले नाही. कर्ज किती झेपेल हे आधी पाहावे लागते. हा धडा कंपनीला लागू आहे तसा आपल्या घरालाही आहे. त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

सरकारचा वाटा

तिकिटातला सगळा पैसा कंपनीच्या गल्ल्यात जात नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा अशा उद्यानांवर २८ टक्के कर होता. २५ जानेवारी २०१८ पासून तो १८ टक्के झाला. करासह १,५०० रुपयांचे तिकीट धरले, तर त्यातले २२९ रुपये कराचे. म्हणून दर पाहताना तो करासह आहे की कराशिवाय, हे आधी वाचा. अनेकांचा अंदाज तिथेच चुकतो.

वाढ मोजायची कशी?

"दहा वर्षांपूर्वी आम्ही गेलो होतो तेव्हा निम्म्यात झाले होते," असे आपण म्हणतो. समजा, तेव्हा तिकीट ८०० रुपये होते आणि आता १,५०० आहे. वाढ ७०० रुपये. पण सरासरी महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर ८०० रुपयांचेच दहा वर्षांनी सुमारे १,३०३ होतात. म्हणजे ७०० पैकी ५०३ रुपये नुसत्या महागाईचे. उरलेले १९७ रुपये ही खरी वाढ. तक्रार करायची तर ती १९७ रुपयांची करावी.

आता हेच गणित जरा उलटे करा. हे तिकीट वर्षाला साधारण साडेसहा टक्क्यांनी वाढले. आपले पैसे बचत खात्यात पडून असतील तर त्यावर व्याज मिळते अडीच-तीन टक्के. म्हणजे दहा वर्षांत तिकीट धावत पुढे गेले आणि आपले पैसे चालत मागून आले. तिकीट महाग झाले, यातला काही दोष पैसे चुकीच्या जागी ठेवण्याचाही असतो.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडले, तेव्हा मोठ्या माणसाचे प्रवेश तिकीट एक डॉलर होते. पाळण्यांचे पैसे वेगळे. नुसत्या महागाईने तो डॉलर आज बारा डॉलरच्या आसपास गेला असता. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथले सर्वांत गर्दीच्या दिवसाचे तिकीट २०६ डॉलर झाले. आता त्यात पाळणे धरलेले असतात हे खरे, तरीही ही झेप महागाईच्या कितीतरी पुढची आहे. २०१६ पासून तिथे दिवस पाहून दर ठरतो. गर्दीच्या दिवशी जास्त, रिकाम्या दिवशी कमी. आपल्याकडेही तेच आले आहे. शनिवार-रविवारी एक दर, मधल्या वारी दुसरा. रांग टाळायची असेल तर आणखी वेगळे, महाग तिकीट. दर आता खर्चावर ठरत नाही, तुम्ही किती द्यायला तयार आहात त्यावर ठरतो. एकदा हे कळले की निम्मी किल्ली आपल्या हातात येते, कारण दिवस आपण निवडू शकतो.

आपल्या बाजूने पाहू

आता कागद-पेन घ्या. आई, वडील, दोन मुले. आकडे मी सोयीसाठी धरतो, तुम्ही तुमचे घाला. मोठ्यांची दोन तिकिटे ३,०००, मुलांची दोन २,४००. टॅक्सी जाऊन-येऊन २,०००. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, म्हणून खाणे १,८००. लॉकर, पाण्यात घालायचे कपडे, फोटो वगैरे ८००. एकूण १०,०००. यात तिकीट ५,४०० चे. आपण तिकिटावर भांडतो, पण उरलेले ४,६०० रुपये गुपचूप जातात.

महिना १८,००० मिळवणाऱ्या आणि २६ दिवस काम करणाऱ्या माणसाची रोजची कमाई सुमारे ६९२ रुपये. त्याच्यासाठी ही सहल म्हणजे चौदा-साडेचौदा दिवसांची मजुरी. महिना ७०,००० मिळवणाऱ्यासाठी साडेतीन-चार दिवसांची. तिकीट एकच, पण किंमत दोन. म्हणून 'दर योग्य आहे का' याचे एकच उत्तर नाही. वस्तूची किंमत रुपयांत वाचायची आणि आपल्या कामाच्या दिवसांत मोजायची.

आता सर्वांत महत्त्वाचे. हे दहा हजार कुठून आले? दोन घरे कल्पना करा.

पहिल्या घराने दहा महिने दरमहा १,००० रुपयांची आवर्ती ठेव ठेवली. व्याज ६ टक्के धरले तर शेवटी हातात आले सुमारे १०,२७५. दुसऱ्या घराने कार्ड घासले आणि सहल झाल्यावर दहा महिन्यांत फेडायचे ठरवले. कार्डावर शिल्लक ठेवली की महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागू शकते, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. दहा समान हप्त्यांत फेडताना व्याज होते सुमारे २,०२४ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३६४. एकूण २,३८८ रुपये जास्तीचे. नुसती किमान रक्कम भरत राहिलात, तर याहूनही कितीतरी जास्त.

दोन घरांत फरक पडला सुमारे २,६६० रुपयांचा. म्हणजे एका मोठ्याचे आणि जवळजवळ एका मुलाचे तिकीट. वंडरलाने शंभर-दोनशे वाढवले म्हणून आपण नावे ठेवतो. हे अडीच हजार मात्र आपणच वाढवलेले असतात, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

मग करायचे काय?

एक, सहलीची तारीख आधी ठरवा. सहा ते बारा महिन्यांची छोटी आवर्ती ठेव उघडा. मुलांना पासबुक दाखवा. दर महिन्याला हप्ता जमा झालेला पाहणे हीही त्यांच्यासाठी शाळाच आहे.

दोन, मधल्या वारी जा. आगाऊ ऑनलाइन आरक्षण आणि विद्यार्थी ओळखपत्रावर सवलत आहे का, ते संकेतस्थळावर पाहा. मुलांचे तिकीट वयावर नसून उंचीवर असते, घरी उंची मोजून निघा.

तीन, टॅक्सीऐवजी मेट्रो आणि बसचा विचार करा. जांभळी मेट्रो ऑक्टोबर २०२३ पासून चल्लघट्टापर्यंत जाते, तिथून पुढे बिडदीच्या बाजूला बस. शक्ती योजनेत कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना आणि मुलींना जून २०२३ पासून साध्या बसचा प्रवास मोफत आहे. ओळखपत्र बरोबर ठेवा.

चार, घरून पोटभर खाऊन निघा आणि आतल्या खर्चाची रक्कम वेगळ्या पाकिटात घाला. पाकीट संपले की खर्च संपला.

पाच, सहलीसाठी कर्ज नाही, कार्डावर बाकी नाही, आणि अडीअडचणीसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडणे नाही. पैसे जमले नाहीत तर सहल दसऱ्याच्या सुट्टीवर ढकला. तोवर लालबाग आणि कब्बन पार्क कुठे जात नाहीत.

माझे मत विचाराल तर सांगतो. तिकीट म्हणजे लूट नाही, पण त्यात घसघशीत नफा आहे हेही खरे. वंडरला ही रेशनची साखर नव्हे, कुणी घेतलीच पाहिजे अशी वस्तू नाही. दर ठरवणे कंपनीच्या हातात आहे. जायचे की नाही, कधी जायचे आणि कुणाच्या पैशाने जायचे, हे मात्र आपल्या हातात आहे. जरूर जा, मुलांना पाण्यात मनसोक्त डुंबू द्या. फक्त त्या दिवसाचा हप्ता पुढच्या वर्षापर्यंत फेडावा लागू नये, एवढी काळजी घ्या.

आवर्ती ठेवीचे अर्ज मागच्या टेबलावर ठेवले आहेत. जाता जाता एक घेऊन जा.