वॉचमनने हात कधी उचलावा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत, बाकी सगळं तसंच आहे.

आज बोलायचंय सिक्युरिटी गार्डबद्दल. आपण ज्यांना वॉचमन काका म्हणतो, त्यांच्याबद्दल. प्रश्न सरळ आहे. गेटवर कोणी अंगावर आलं तर त्यांनी काय करायचं? हात उचलायचा का, आणि किती? आणि ती वेळच येऊ नये म्हणून काय करता येतं?

मी वर्सोव्यात, यारी रोडला राहतो. इथलं गेट सांभाळणं सोपं नाही. एकीकडे कोळीवाडा, दुसरीकडे सात बंगला, जवळच आराम नगर, जिथे ऑडिशनला येणाऱ्या पोरापोरींची रोज ये-जा. रात्री एकला पार्टीहून येणारे पाहुणे, रस्त्यावर जागा नाही म्हणून गेटसमोरच गाडी लावणारे, दहा मिनिटांत किराणा पोचवायचा म्हणून धापा टाकणारे डिलिव्हरीवाले. या सगळ्यांना ‘थांबा’ म्हणायचं काम एकाच माणसाचं, आणि तो बहुतेक वेळा बारा तासांच्या ड्युटीवर.

आधी एक गैरसमज काढून टाकू. युनिफॉर्म चढवला म्हणून गार्डला पोलिसांचे अधिकार मिळत नाहीत. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘पसारा’ म्हणतात. (हो, पसाराच. मीही हसलो होतो.) एजन्सीला लायसन्स लागतं, गार्डला ट्रेनिंग लागतं, पोलीस किंवा लष्कराचा गणवेश घालायला बंदी आहे, हे सगळं त्यात आहे. पण लोकांना मारायचा किंवा कोंडून ठेवायचा खास अधिकार त्यात गार्डला दिलेला नाही. त्याच्याकडे आहे तो तुमच्या-माझ्याइतकाच, स्वसंरक्षणाचा हक्क.

हा हक्क १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. त्यातलं ३७ वं कलम गेटवर लावून ठेवावं इतकं महत्त्वाचं: बचावासाठी गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. मालमत्तेबद्दल ४३ वं कलम बघा. समजा, रात्री अडीचला कोणी पार्किंगमधून सायकल उचलून पळतोय. गार्डने गाठलं, झटापट झाली, सायकल ओढून घेतली. इथपर्यंत कायदा त्याच्या बाजूने. पण सायकल परत मिळाली की मालमत्तेच्या बचावाचा हक्क संपला. चोर उलटून अंगावर आला तर स्वतःचा बचाव करता येतोच. तो मुकाट उभा असेल आणि त्याला खांबाला बांधून चोप दिला, तर प्रत्येक फटका हा नवा गुन्हा. माणूस दगावला तर थेट सदोष मनुष्यवध किंवा खून. गॅलरीतून ‘दोन ठेवून दे रे’ ओरडणारे तोवर दार लावून झोपलेले असतात आणि व्हिडिओत चेहरा दिसतो तो गार्डचा.

पकडून ठेवता येतं का? येतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे, आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कुणीही नागरिक पकडू शकतो. मात्र विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. सहा तास ही कमाल मर्यादा आहे. सकाळी सेक्रेटरी उठेपर्यंत बसवून ठेवायची सवलत नाही. ११२ ला फोन लगेच करायचा.

हे झालं कलमांचं. माझ्या मते खरी गंमत त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत आहे.

शेजारच्या बिल्डिंगचे वॉचमन काका मूळचे खेडचे, गेटवर पंचवीसेक वर्षं काढलेले. एकदा रात्री दीडला एक पाहुणा तर्र होऊन आला. ज्याच्याकडे जायचं तो इंटरकॉम उचलेना. पाहुणा आवाज चढवून म्हणाला, “तू कोण मला अडवणारा?” काका म्हणाले, “वॉचमन आहे साहेब, म्हणून तर विचारून सोडावं लागतं. तुम्हाला सोडायचं नाही असं नाही. फोन लागत नाहीये. बसा, पाणी घ्या, मी परत लावतो.”

मी रिक्षाचे पैसे देत हे बघत होतो. काका त्याच्या समोर छाती काढून उभे नव्हते, थोडे बाजूला, दोन हात अंतरावर होते. हात मोकळे, दिसतील असे. टॉर्च खाली, तोंडावर नाही. आवाज त्याच्यापेक्षा खालचा. आणि त्याला परत जायची वाट मोकळी ठेवलेली. कोंडीत सापडलेला माणूसच आधी हात टाकतो. सगळ्यात भारी म्हणजे त्यांनी भांडण स्वतःवरून काढून फोनवर टाकलं. आता अडवणारे काका नव्हते, न लागणारा फोन होता. दहा मिनिटांत पाहुणा खुर्चीतच घोरायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “काका, त्याने कॉलर धरली असती तर?”

“मागं सरलो असतो. केबिनचं दार लावून फोन केला असता. गेट काय माझ्या बापाचं आहे?” मग जरा थांबून म्हणाले, “कुणा बाईमाणसाला ओढत असता तर मात्र हात घातला असता.”

न्याय संहिता न वाचता या माणसाने कलम ३७ बरोबर ओळखलं होतं. अडवणुकीसाठी मार खायचा नाही आणि द्यायचाही नाही. कुणाच्या जिवावर बेतलं तर हात घालायचा, आणि धोका टळला की तो मागे घ्यायचा. काठीचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत आहे, सोसायटीच्या गेटवर ती कुत्र्यांपुरतीच बरी. उगारलेली काठी बघून दारूडा शांत झालेला मी तरी पाहिलेला नाही.

आता आपलं बघू. मी ॲप बनवणाऱ्यांच्याच धंद्यातला, म्हणून हे टोचतं. वर सोफ्यावर बसून आपण ‘नाकारा’ बटण दाबतो आणि खाली शिव्या गार्ड खातो. डिलिव्हरीवाल्याने मेन लिफ्ट वापरायची नाही हा नियम कमिटीचा, पण भिजत आलेल्या पोराला तो सांगायचा गार्डने. निदान तो नियम सेक्रेटरीच्या सहीने गेटवर लावा, म्हणजे काकांना बोट दाखवायला काहीतरी असेल.

हॉस्पिटलच्या गेटवर हेच आणखी तीव्र होतं. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात डॉक्टरला जबर मारहाण झाली, राज्यभर निवासी डॉक्टरांनी काम बंद केलं आणि सरकारने सरकारी हॉस्पिटलांना महाराष्ट्र सुरक्षा दलाचे जवान द्यायचं कबूल केलं. जवान हवेतच. पण पेशंटचं काय चाललंय हे नातेवाइकांना तासन् तास कुणी सांगितलं नाही, की तो राग दारावरच्या जवानावरच निघणार. त्याला शिकवायचं काय, हा प्रश्न संख्येने सुटत नाही.

‘पसारा’च्या २००६ च्या नमुना नियमांत गार्डला १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचं ट्रेनिंग सांगितलं होतं, किमान वीस दिवसांत. विषयांच्या यादीत स्वसंरक्षणाचा हक्क होता, प्रथमोपचार होते, गर्दी हाताळणंही होतं. तुमच्या एजन्सीला फक्त विचारा, आमच्या गार्डचं ट्रेनिंग सर्टिफिकेट दाखवता का? उत्तर यायला किती दिवस लागतात तेही मोजा.

आणि रात्री एकटा गार्ड ठेवू नका. एकट्याला मदतीला हाक मारायला कुणी नसतं, मग तो घाबरतो आणि घाबरलेला माणूस आधी फटका मारतो. आमच्या पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत मी एकच ओळ टाकायला दिलीय: रात्री दुसरा गार्ड. मेंटेनन्स फ्लॅटमागे कितीने वाढेल त्याचा हिशेब खजिनदार करतायत. आकडा ऐकून कोण किती ओरडलं, ते पुढच्या एपिसोडला सांगतो.