वंशावळीचा शोध

आपल्या पणजोबांचें नांव पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु त्यांच्या वडिलांचें नांव विचारलें कीं आपण घुटमळतों. पूर्वीं हें कोडें सोडवावयाचें म्हणजे प्रवास करावा लागे. त्र्यंबकेश्वरास तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्या, मूळ गांवीं जाऊन म्हाताऱ्यांजवळ बसावें, आणि जुना कागद हातीं आलाच तर मोडी वाचणारा शोधावा.

शिरूर तालुक्यांतील कारेगांवाचें उदाहरण घ्या. पोटासाठीं येथून मुंबईस गेलेल्या एखाद्या कुटुंबाचा नातू आज घरबसल्या शोधास आरंभ करूं शकतो. खातेदार वारला कीं वारसांची नोंद फेरफाराच्या वहींत होते. अशा जुन्या नोंदी राज्य शासनानें महाजालावर आणावयास घेतल्या आहेत. 2023 सालीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां कुणबी नोंदींसाठीं जिल्ह्याजिल्ह्यांतून जन्ममृत्यूचीं जुनीं पुस्तकें उघडलीं, मोडीचे जाणकार बोलावले गेले, आणि सांपडलेल्या कित्येक नोंदींच्या प्रतिमा संकेतस्थळांवर ठेवल्या गेल्या. ज्या वहीकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतें, तिच्यांतील एका ओळीवर मुलाचें जातीचें प्रमाणपत्र, आणि त्यावर त्याचा प्रवेश अवलंबूं लागला.

परंतु सोय वाढली तशी चूकही सोपी झाली. कारेगांव एकच नाहीं. श्रीरामपूर तालुक्यांत एक आहे, परभणीकडे आणखी एक आहे. नांव व आडनांव जुळलें एवढ्यावरून परक्याचा आजा आपल्या वंशावळींत बसवूं नये. वारसांचीं नांवें, जमिनीचा नंबर आणि शेजारच्या शेताचा धनी, या खुणा एकमेकींशीं पटल्यावांचून नोंद आपली मानूं नये.

शिवाय जुन्या वंशावळींत बहुधा पुरुषांचींच नांवें असतात. फेरफारांत कधीं एखाद्या विधवेचें नांव वारस म्हणून सांपडतें. पण तिचें माहेर कोणतें, तिला घरांत काय म्हणत, हें तेथें लिहिलेलें नसतें. कारेगांवच्या परिसरांत आज रांजणगांव औद्योगिक वसाहतीचे कारखाने उभे आहेत. जेथें बांध मोडले, तेथें कोणाचें शेत कोठें होतें हें जुनीं माणसेंच सांगूं शकतात.

म्हणून यंत्र उघडण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वृद्ध माणसाजवळ घटकाभर बसा. आजीस तिच्या आईचें नांव विचारा, तिच्या सासूचें माहेर विचारा, आणि तें तारीख घालून लिहून ठेवा. संकेतस्थळावरील कागद पुढच्या महिन्यांतही पाहतां येईल. आजीची आठवण तोंवर थांबेलच असें नाहीं.