मधुमेही हृदय आणि गुठळी विरघळवणारे औषध

हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी होऊन प्रवाह थांबतो आणि पुढचा स्नायू मिनिटागणिक निकामी होत जातो. अशी धमनी फुगा व स्टेंट घालून उघडणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. परंतु त्यासाठी लागणारी कॅथलॅब मोठ्या शहरांतच असते आणि नांदेडपासून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या किनवटच्या रुग्णाने दोन तासांत तेथे पोहोचून धमनी उघडून घेणे फार अवघड असते. म्हणून स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेज यांसारखे, शिरेतून देऊन गुठळी विरघळवणारे औषध मराठवाड्यात आजही अनेकांचा पहिला आधार आहे.

या औषधाचा परिणाम मधुमेहींमध्ये कसा होतो, याविषयीची आकडेवारी वरवर पाहता निराश करणारी वाटते. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गुस्टो’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत औषध मिळालेल्या मधुमेहींपैकी 10.5 टक्के रुग्ण तीस दिवसांत दगावले, तर मधुमेह नसलेल्यांत हे प्रमाण 6.2 टक्के होते. मात्र यावरून मधुमेहींना औषध लागू पडत नाही असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चुकीचे ठरेल, कारण 1994 मध्ये नऊ मोठ्या चाचण्यांतील सुमारे 58,600 रुग्णांची माहिती एकत्र अभ्यासली गेली, तेव्हा औषधामुळे दर हजार मधुमेहींमागे 37, तर इतर रुग्णांत दर हजारी 15 जीव वाचल्याचे दिसले. ज्याचा धोका अधिक, त्याला लाभही अधिक.

धोका अधिक का, याची कारणे अनेक आहेत. शरीरात गुठळी विरघळवण्याची स्वतःची व्यवस्था असते. तिला आवर घालणारे ‘पीएआय-1’ हे प्रथिन मधुमेहात, विशेषतः इन्सुलिनला शरीर दाद देत नसते तेव्हा, रक्तात वाढलेले असते. रक्तबिंबिका लवकर एकमेकींना चिकटतात आणि गुठळीचा सांगाडा असणाऱ्या फायब्रिन या प्रथिनाला साखर जडल्याने त्याची वीण दाट होऊन औषधाला आत शिरणे कठीण जाते. तरीही मुख्य धमनी मधुमेहींतही जवळपास इतरांइतक्याच प्रमाणात उघडते, असे औषधानंतर दीड तासाने केलेल्या अँजिओग्राफीत आढळले आहे. खरी अडचण तिच्या पलीकडे आहे: सूक्ष्म रक्तवाहिन्या आधीच बिघडलेल्या असल्याने उघड्या धमनीतले रक्त स्नायूपर्यंत पुरेसे पोहोचत नाही आणि अन्य धमन्याही अरुंद झालेल्या असल्याने उरलेला स्नायू वाढलेला भार पेलू शकत नाही.

यात उशिराची भर पडते. मधुमेहात मज्जातंतू दुबळे झाल्याने छातीत कळ न येता केवळ दम लागतो, घाम सुटतो किंवा पोटात मळमळते. घरचे त्याला पित्त समजतात आणि गुठळी ताजी असण्याचे मोलाचे तास निघून जातात. म्हणून शुगर असलेल्या माणसाला असा त्रास अचानक झाला, तर मुखेड असो वा निलंगा, जवळच्या रुग्णालयात ईसीजी तत्काळ काढला पाहिजे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका याच कामासाठी बोलवावी.

डोळ्याच्या पडद्याला मधुमेहाची बाधा झालेल्यांना हे औषध दिले तर डोळ्यात रक्तस्राव होईल, ही भीती दीर्घकाळ बाळगली गेली. ‘गुस्टो’मधील सहा हजारांहून अधिक मधुमेहींच्या तपासणीने तिला आधार दिला नाही, आणि केवळ या शंकेपायी औषध रोखून धरणे रुग्णावर अन्याय करणारे आहे. नुकताच झालेला पक्षाघात किंवा मेंदूतील पूर्वीचा रक्तस्राव ही औषध टाळण्याची खरी कारणे होत.

इंजेक्शन दिल्यावर 60 ते 90 मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढावा लागतो. त्यातील ‘एसटी’ हा उंचावलेला भाग निम्म्याहून अधिक खाली आला नसेल, तर औषध अपुरे पडले असे समजून रुग्णाला ताबडतोब कॅथलॅबकडे हलवतात. तो खाली आला असला, तरी पुढील 3 ते 24 तासांत अँजिओग्राफी करणे इष्ट मानले जाते, आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी नांदेड वा लातूरच्या हृदयरोगतज्ज्ञांना इंजेक्शन देतानाच कळवले, तर ही वेळ गाठता येते.