वाढत्या अंगाची मुलं



विषय घरगुती आहे, पण त्याची सुरुवात तुमच्याच लातूर जिल्ह्यातून करते. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले. पुढं पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली. त्यातलाच एक बीडकडचा राहुल आवारे. त्यानं 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं ते 57 किलो गटात. वस्ताद धिप्पाड, चेला सडपातळ. काट्यावरच्या आकड्यानं कुणाशी लढायचं एवढं ठरतं. कोण भारी, ते आखाड्यात ठरतं. ही साधी समज तालमीत आहे. आपल्या माजघरात नाही.

माझी उभी हयात नांदेडच्या शाळांमधून खो-खो शिकवण्यात गेली. एक मुलगी डोळ्यांपुढं आणा. सहावीत आहे. खुंटाजवळ सूर मारते, गुडघे सोलवटून घेते, पुन्हा उठते. आणि एप्रिलच्या उन्हात पूर्ण बाह्यांचं जॅकेट घालून पळते. काढ म्हटलं की म्हणते, ‘राहू द्या मॅडम, गरम होत नाही.’ पाणी प्यायला बसली की आधी टी-शर्ट पोटावरून पुढं ओढते. तिची आई गेटवर गाठून हळूच सांगते, ‘हिला जरा जास्तच पळवा, वजन उतरू द्या.’ हळू बोललेलं पोरीला ऐकू जात नाही, असं आयांना का वाटतं कोण जाणे.

या वयात होतं काय ते समजून घ्या. मुलींची उंची साधारण अकरा-बाराच्या सुमारास झपाट्यानं वाढते, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. कित्येकांचं अंग आधी भरतं आणि मग उंची सुटते. मोठेपणी जे वजन असतं, त्यातलं जवळपास निम्मं याच काही वर्षांत चढतं. मुलींच्या कमरेवर, मांड्यांवर चरबी येते ती पाळी येण्याआधीची तयारी असते. तेव्हा अकरा वर्षांच्या मुलीचा काटा वर्षभर एकाच जागी थांबला, तर काळजी त्याची करायची.

वजनाला उंचीच्या वर्गानं भागून जो आकडा येतो, तो मुलांच्या बाबतीत वय आणि मुलगा-मुलगी पाहून तक्त्यावर वाचावा लागतो. मोठ्यांचं कोष्टक मोबाइलवर काढून पोरांना लावू नका. मोठ्यांनाही तो आकडा फसवतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा आकडा सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2! म्हणजे जिला ‘काडी पैलवान’ म्हणून सोडून देता ती घरबसली पोर ठणठणीत, आणि रोज दोन तास पळणारी ही जॅकेटवाली आजारी, असं डोळ्यांनी ठरवता येत नाही.

दुसरी गोष्ट उपाशी ठेवण्याची. अमेरिकेत मिनेसोटात डायान न्यूमार्क-स्टेनर यांनी शाळकरी मुलांचा पाच वर्षं मागोवा घेतला. डाएट करणाऱ्या मुलांमध्येच पुढं वजन वाढण्याचा धोका जास्त निघाला, आणि खाण्याच्या विकृतींचाही. मला नवल वाटलं नाही. सकाळी नुसतं लिंबूपाणी पिऊन आलेली पोर संध्याकाळी सरावानंतर गाड्यावर काय करते, ते मी पाहते.

कबड्डी-कुस्तीच्या वजनी गटांबद्दल तर मी कडकच बोलते. विनेश फोगाटसारखी कसलेली खेळाडू, हाताशी तज्ज्ञांची फौज. तरी 2024 ला पॅरिसमध्ये शंभर ग्रॅमनं अंतिम फेरी हुकली. तो मोठ्यांचा धंदा आहे. बारा वर्षांच्या पोराला गटात बसवायला उपाशी पळवणाऱ्या प्रशिक्षकाकडून पोर काढून घ्या, खुशाल वरच्या गटात खेळू दे.

मग घरी काय करायचं? ताट बदलायचं तर सगळ्या घराचं बदला. भाकरी, वरण, पालेभाजी, ताक हे आपलं रोजचं आहेच. सकाळच्या सुशीलात मूठभर शेंगदाणे, भिजवलेली मटकी जास्त पडू द्या. कोल्ड्रिंकची बाटली घरातच आणू नका. पण उजनीची बासुंदी आणली, तर दादाला वाटीभर आणि ताईला ‘तुला नको गं’, हा प्रकार बंद. आमच्याकडं हा भेद वजनाच्या नावाखाली बिनबोभाट चालतो.

पोरगी म्हणाली, ‘मी जाड आहे का?’, की आपण झटकन ‘छे, कुठं!’ म्हणतो. तिथंच तिचं तोंड बंद होतं. त्याऐवजी ‘कुणी काही म्हणालं का?’ एवढंच विचारा आणि हातातलं काम करत राहा. नाव निघायला दोन दिवसही लागतील. बहुतेकदा नाव घरातलंच निघतं. लग्नसराईत मावशी-आत्या हनुवटी धरून ‘काय गं, केवढी सुटलीस!’ म्हणतात, तेव्हा पोरीच्या देखत सांगा, ‘ताई, अंगावरून बोलणं आमच्याकडं नाही.’ थोडा रुसवा येईल, येऊ द्या. गणवेशाच्या दुकानात माप आधीच चिठ्ठीवर लिहून द्या. भरल्या गर्दीत ‘अडतीस काढ रे!’ ही आरोळी पोरं वर्षभर विसरत नाहीत.

मुलग्यांचं दुखणं वेगळं आहे. त्यांना ‘ढोल्या’ म्हटलेलं चालतं असं आपण धरूनच चालतो, आणि तेरावं लागलं की मुलगा प्रोटीन पावडरचा डबा मागतो. डबा देऊ नका.

डॉक्टरांकडं मात्र काही खुणांसाठी जावंच लागतं. मानेची कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली, तर तो मळ नसतो. कितीतरी आया दगडानं घासून मान लाल करतात. ती इन्शुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकते. झोपेत जोरात घोरणं, जेवण चुकवणं, लपवून खाणं, जेवल्यावर बराच वेळ बाथरूममध्ये राहणं, खेळणं अचानक सोडणं, हेही सांगा. तपासायला नेताना ‘तू वाढतीयेस, म्हणून दाखवून येऊ’ असं म्हणा.

समोर मुख्याध्यापक बसलेत, म्हणून शेवटचं त्यांना. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा वजनं वर्गापुढं मोठ्यानं वाचली जातात आणि एक विद्यार्थी फळ्यावर लिहितो, हे मी पाहिलंय. काटा पडद्याआड ठेवा, आकडा कार्डावर लिहा आणि कार्ड पालकांच्या हाती द्या. शाळा जूनच्या मध्याला उघडतील. शिक्षकांच्या पहिल्याच बैठकीत हे ठरवून टाकता येईल.