मताचे वजन आणि सत्तेचे वजन
(कोरमंगला, बंगळुरू येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



ज्या कोरमंगलात २००७ मध्ये फ्लिपकार्टने एका सदनिकेतून आरंभ केला, तेथेच आज एक जुना प्रश्न मांडावयाचा आहे : सामूहिक निर्णयात कोणाच्या मताला किती वजन असावे?

आपल्या कायद्यांत याची दोन उत्तरे आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २७ नुसार सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ४७ मध्ये मतदानाचा हक्क भरणा झालेल्या समभाग भांडवलाच्या प्रमाणात असतो. ब्लॉकचेनवरील बहुतेक संस्थांनी दुसरा मार्ग पत्करला : जितकी टोकन, तितकी मते. कारण उघड आहे. ब्लॉकचेनला खाते दिसते; खात्यामागचा माणूस दिसत नाही.

या सूत्राचा धोका एप्रिल २०२२ मध्ये दिसला. बीनस्टॉक या प्रणालीत एका हल्लेखोराने क्षणभराचे प्रचंड कर्ज घेऊन दोन-तृतीयांशांहून अधिक मते मिळविली, स्वतःचाच प्रस्ताव संमत केला आणि त्याच व्यवहारात कर्ज फेडले. प्रणालीचे सुमारे १८.२ कोटी डॉलरचे नुकसान झाले. नियम मोडला गेला नव्हता. नियमच सदोष होता. म्हणून आता अनेक ठिकाणी मतदानापूर्वीच्या ठरावीक क्षणाची शिल्लक ग्राह्य धरतात आणि संमती व अंमलबजावणी यांत काही दिवसांचे अंतर ठेवतात.

पण मतसंख्या म्हणजे सत्ता नव्हे. समजा, तिघांकडे ५०, ४९ व १ मते आहेत आणि निर्णयास ५१ हवीत. पहिला सभासद तीन विजयी युतींत निर्णायक ठरतो. दुसरा व तिसरा प्रत्येकी एकीत. म्हणजे ४९ मते आणि १ मत यांची सत्ता समान! जॉन बान्झाफ यांनी १९६५ मध्ये मांडलेला निर्देशांक हेच मोजतो.

मोठ्यांचा प्रभाव कमी करण्यासाठी टोकनच्या वर्गमुळाइतकी मते द्यावीत, असा पर्याय सुचविला जातो. त्यात १०,००० टोकनना १०० मते मिळतात. परंतु तीच टोकन १०० खात्यांत विभागली, तर प्रत्येकी १० प्रमाणे १,००० मते होतात. ओळख पडताळल्याशिवाय ही समता फसवी ठरते.

उदासीनता हाही दोष आहेच. जुलै २०२४ मध्ये कंपाऊंड या संस्थेत सुमारे ४.९९ लाख टोकन वळविण्याचा वादग्रस्त प्रस्ताव ६.८२ लाख विरुद्ध ६.३४ लाख मतांनी संमत झाला. एकूण टोकन एक कोटी. मतदान जेमतेम १३ टक्के. विरोधानंतर तडजोड होऊन तो मागे पडला.

तेव्हा कोणतेही सूत्र स्वीकारण्यापूर्वी तीन कसोट्या लावाव्यात. जुन्या मतदानांवर ते चालवून निकाल कोठे बदलतात, ते पाहावे. सर्वांत मोठ्या पाच खात्यांनी हातमिळवणी केली, तर काय होईल, हे तपासावे. शेवटी, खाती विभागून व मते उसनी घेऊन ते फोडण्याचा प्रयत्न आपणच करावा.

तंत्र नवे असले तरी प्रश्न सहकाराचाच आहे. ज्याची ठेव अल्प आहे, त्याचे म्हणणे निर्णयात उतरते की नाही, हीच कोणत्याही मतदानपद्धतीची अखेरची परीक्षा होय.